वाईट विधेयक पाडणारा वकील : कॅल्व्हिन कूलिजची आमदारकी

सप्टेंबर १९१० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नॉर्थॅम्प्टन गावच्या नगराध्यक्षाने आपल्या वडिलांना एक पत्र लिहिलं. वडील शेजारच्या व्हरमाँट राज्यात, प्लिमथ नॉच नावाच्या डोंगरातल्या वाडीत शेती सांभाळणारे. त्या वर्षी ते राज्याच्या सिनेटवर निवडून आले होते. मुलगा त्याआधी दोन वर्षं आमदारकी करून मोकळा झाला होता, म्हणून त्याने वडिलांना चार गोष्टी सांगितल्या. चांगली विधेयकं मंजूर करण्यापेक्षा वाईट विधेयकं पाडणं जास्त महत्त्वाचं आहे. स्वतःची विधेयकं घेऊन धावत बसण्यापेक्षा आपल्या समितीच्या कामात वेळ घाला. आणि समितीकडून ज्या विधेयकाची शिफारस कराल, त्याचे शब्द नीट पाहा: जे साधायचं आहे तेवढंच ते साधतंय ना, की त्याच्याबरोबर नको ते बरंच काही येतंय? बहुतेक विधेयकं या कसोटीला उतरत नाहीत, असंही त्याने लिहिलं.

पत्र लिहिणारा कॅल्व्हिन कूलिज. पुढे १९२३ मध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला आणि जगाला तो तेवढ्यापुरताच माहीत आहे: कमी बोलणारा, खर्चाला कात्री लावणारा अध्यक्ष. इथे मला त्याच्या अध्यक्षपदाबद्दल लिहायचं नाही. त्याच्या आयुष्यातली १८९५ ते १९१५ ही वीस वर्षं मला अधिक मोलाची वाटतात. या काळात तो एका लहान गावचा वकील होता आणि त्यातली सहा वर्षं राज्याच्या विधिमंडळात होता. प्रश्न असा की गावातली वकिली माणसाला कोणत्या जातीचा आमदार बनवते? ती त्याला काय देते आणि त्याला कुठे अडवते? कूलिजच्या बाबतीत या दोन्हींची उत्तरं कागदावर सापडतात.

ज्युनिअरचं टेबल

कूलिजचा जन्म ४ जुलै १८७२ चा. ॲमहर्स्ट कॉलेजातून १८९५ मध्ये पदवी घेतल्यावर कायद्याचं महाविद्यालय न धरता त्याने जुनी वाट धरली: वकिलाच्या कचेरीत बसून कायदा शिकायचा. ॲमहर्स्टपासून जवळच, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात नॉर्थॅम्प्टन आहे. हॅम्पशायर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, म्हणजे कोर्ट तिथेच. लोकवस्ती त्या काळी अठरा-एकोणीस हजार. मुलींचं स्मिथ कॉलेज, मुक्या-बहिऱ्या मुलांची क्लार्क शाळा, रेशमाच्या गिरण्या, आणि त्या गिरण्यांत राबणारे आयरिश आणि फ्रेंच कॅनेडियन कामगार. हॅमंड अँड फील्ड या तिथल्या नामांकित कचेरीत तो दाखल झाला.

थोड्याच दिवसांत दोन्ही वरिष्ठ राजकारणात गुंतले. फील्ड गावचे नगराध्यक्ष झाले, हॅमंड जिल्ह्याचे सरकारी वकील. कचेरीतलं रोजचं लिखाण ज्युनिअरच्या अंगावर पडलं: खरेदीखतं, मृत्युपत्रं, समन्सचे मसुदे. त्याची तक्रार नव्हती. मोकळ्या वेळात तो अमेरिकी कायद्यावरची केंटची भाष्यं वाचायचा. याच दिवसांतली एक गोष्ट त्याचा स्वभाव सांगते. अमेरिकन क्रांतीमागच्या तत्त्वांवर त्याने कॉलेजात लिहिलेल्या निबंधाला देशपातळीवरचं दीडशे डॉलर किमतीचं सुवर्णपदक मिळालं. हॅमंडना ते वर्तमानपत्रात वाचून कळलं. 'वडिलांना कळवलंस का?' असं त्यांनी विचारल्यावर कूलिज म्हणाला, 'नाही. कळवायला हवं का?'

१८९७ च्या उन्हाळ्यात, पंचविशी पूर्ण होण्याआधीच, त्याला सनद मिळाली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्याने मेसॉनिक इमारतीत दोन खोल्या घेतल्या. भाडं वर्षाला दोनशे डॉलर. पहिल्या वर्षी कमाई झाली पाचशे डॉलरपेक्षा थोडी जास्त. त्याच दोन खोल्यांत तो पुढची एकवीस वर्षं, राज्यपाल होईपर्यंत, वकिली करत राहिला. गावातल्या इतर वकिलांसारखंच आयुष्य काढावं आणि शेवटी जमलंच तर न्यायाधीशाची खुर्ची मिळावी, एवढीच आपली अपेक्षा होती, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे.

गावातली वकिली ही शहरातल्या वकिलीची लहान आवृत्ती नसते. शहरात निकाल लागला की दोन्ही पक्षकार आपापल्या वाटेने जातात, पुन्हा तोंड बघावं लागत नाही. गावात ज्याच्याविरुद्ध आज दावा लावला तो उद्या बाजारात, चर्चमध्ये, बँकेच्या रांगेत भेटतो. म्हणून तिथला शहाणा वकील तडजोडीकडे झुकतो, आणि कूलिज तसा होता. पक्षकाराला कोर्टाच्या पायरीपासून लांब ठेवण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. दुसरी गोष्ट मसुद्याची. खरेदीखतात हद्दीचा एक शब्द ढिला पडला की दहा वर्षांनी दोन भाऊ एकमेकांवर दावा लावतात. मृत्युपत्रातलं एक वाक्य दोन अर्थांचं निघालं की लेखकाला विचारायला जाता येत नाही, कारण तो मेलेला असतो. ज्याने वर्षानुवर्षं असे कागद लिहिले, त्याला प्रत्येक वाक्याकडे विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या नजरेने बघायची खोड लागते. माझ्या मते कूलिजच्या आमदारकीचं मूळ या खोडीत आहे. वक्तृत्व त्याच्याकडे नव्हतं, पैसा नव्हता, घराण्याचं नाव तर मॅसॅच्युसेट्समध्ये मुळीच नव्हतं.

एकेक पायरी

डिसेंबर १८९८ मध्ये तो नगर परिषदेवर निवडून आला. हे काम बिनपगारी. १९०० मध्ये परिषदेने त्याला नगरपालिकेचा वकील नेमलं, वर्षाला सहाशे डॉलरवर. दोन वर्षांनी ते पद गेलं. १९०३ मध्ये जिल्हा न्यायालयाच्या लिपिकाचं पद मधेच रिकामं झालं, तेव्हा त्याची नेमणूक झाली. पगार दोन हजार तीनशे डॉलर, त्याच्या तोवरच्या कमाईच्या मानाने घसघशीत. पण मुदत संपल्यावर निवडणूक लढवून तिथेच राहायचं त्याने नाकारलं. वकिली सोडवत नव्हती.

१९०५ च्या ऑक्टोबरमध्ये क्लार्क शाळेतल्या शिक्षिका ग्रेस गुडह्यू यांच्याशी त्याचं लग्न झालं. बोलक्या, हसऱ्या, माणसांत रमणाऱ्या ग्रेसबाईंनी पुढे या अबोल माणसाची निम्मी लोकप्रियता एकटीने कमावली असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. लग्नानंतर त्यांनी मॅसासॉइट रस्त्यावर एका जोडघराचा अर्धा भाग भाड्याने घेतला, महिना सत्तावीस-अठ्ठावीस डॉलरला. घरातल्या चादरी आणि चमचे बंद पडलेल्या एका हॉटेलातून घेतलेले, त्यावर हॉटेलचं नाव तसंच. राज्यपाल झाल्यावरही घर तेच राहिलं.

त्याच वर्षी गावच्या शाळा समितीच्या निवडणुकीत तो पडला. मतदारांसमोरचा त्याचा हा एकमेव पराभव. एक शेजारी म्हणाला की तुमचं मूल शाळेत नाही म्हणून मी दुसऱ्याला मत दिलं. त्यावर नव्या नवऱ्या मुलाने 'थोडा वेळ तर द्या' असं उत्तर दिल्याचं सांगतात.

पुढच्या वर्षी राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी तो उभा राहिला. तो रिपब्लिकन, गावातले आयरिश मतदार बहुतांशी डेमोक्रॅट. दारोदार जाऊन तो तीन वाक्यं बोलायचा: 'मला तुमचं मत हवं आहे. मला त्याची गरज आहे. मिळालं तर मी आभारी राहीन.' आणि त्याला डेमोक्रॅटांची मतं मिळत. यामागे जेम्स ल्युसीसारखी माणसं होती. ल्युसी हा गॉथिक रस्त्यावरचा आयरिश चांभार. कॉलेजात असल्यापासून कूलिज त्याच्या दुकानात जाऊन बसायचा. ल्युसी बोलायचा, हा ऐकायचा. गावातल्या कामगारांच्या मनात काय चाललंय ते त्याला तिथे कळे. १९२३ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर लगेचच्या दिवसांत कूलिजने या चांभाराला पत्र लिहिलं: तुम्ही नसतात तर मी इथे नसतो, आणि आता फार काम करू नका. मतांच्या बेरजेसाठी ठेवलेल्या ओळखी अशा पत्रापर्यंत टिकत नाहीत.

प्रतिनिधीगृहातली दोन वर्षं

जानेवारी १९०७ मध्ये तो बोस्टनला गेला. सोबत सभापतींच्या नावे एका परिचिताने दिलेलं पत्र होतं. त्यातला मजकूर थोडक्यात असा: हा माणूस पोळलेल्या मांजरासारखा आहे, दिसतो त्यापेक्षा बरा. लाल केसांचा, किरकोळ अंगाचा, नाकात बोलणारा हा आमदार ॲडम्स हाऊस या हॉटेलात रोजच्या एका डॉलरच्या खोलीत राहायचा आणि शनिवार-रविवारी आगगाडीने घरी परतायचा.

पहिल्या वर्षी त्याच्या वाट्याला घटनादुरुस्ती आणि व्यापारविषयक समित्या आल्या, दुसऱ्या वर्षी न्यायविषयक समिती. त्याने स्त्रियांच्या मताधिकाराच्या बाजूने मत दिलं आणि अमेरिकी सिनेटचे सदस्य थेट लोकांनी निवडावेत या ठरावाच्याही बाजूने. १९०७-०८ मध्ये रिपब्लिकन आमदाराची ही मतं जुन्या नेत्यांना आवडणारी नव्हती. नंतरच्या कूलिजवरून आधीच्या कूलिजबद्दल अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याने स्वतः लावून धरलेली दोन विधेयकं बघण्यासारखी आहेत. पहिलं मोठ्या कंपन्यांबद्दल. एखादी बडी कंपनी एका गावात मुद्दाम भाव पाडते, तिथल्या लहान व्यापाऱ्याचं दुकान बसवते आणि तो तोटा दुसऱ्या गावातल्या गिऱ्हाइकांकडून भरून काढते. हे बंद व्हावं असं ते विधेयक. दुसरं कामगारांबद्दल. एका कामगाराने दुसऱ्याला केवळ बोलून, समजावून काम सोडायला सांगितलं तर त्याविरुद्ध कोर्टाने मनाई हुकूम काढू नये, असं ते विधेयक. पहिलं सिनेटमध्ये टिकलं नाही, दुसरंही पडलं.

या दोन्ही विधेयकांतली एक समान गोष्ट मला वकिलाची वाटते. दोन्हींत कुठल्याही वर्गाचा जयजयकार नाही किंवा धिक्कार नाही. एक विशिष्ट कृती घ्यायची, तिने कोणाचं नुकसान होतं ते दाखवायचं, आणि तेवढीच कृती कायद्याच्या पकडीत आणायची किंवा पकडीतून सोडवायची. मोठ्या कंपन्या वाईट आहेत असं कूलिज कधी म्हणाला नाही. अमुक प्रकारे भाव पाडणं ही लबाडी आहे, एवढंच तो म्हणाला. दाव्याच्या अर्जात मागणी जितकी नेमकी तितका निकाल मिळण्याचा संभव जास्त, हे नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टात शिकलेला माणूस असाच मसुदा लिहिणार.

दोन वर्षांनी तो वकिलीकडे परतला. १९१० आणि १९११ ही दोन वर्षं नगराध्यक्ष म्हणून गेली. त्यात त्याने गावावरचं कर्ज कमी केलं, कर उतरवले आणि तरीही शिक्षकांचे पगार वाढवले. वडिलांना लिहिलेलं ते पत्र याच काळातलं.

लॉरेन्सचा संप

१९११ च्या नोव्हेंबरमध्ये तो राज्याच्या सिनेटवर निवडून आला. जानेवारीत त्याने जागा घेतली, आणि त्याच महिन्यात बोस्टनच्या उत्तरेला लॉरेन्स या गिरणगावात संप पेटला. या प्रकरणावर थोडं थांबायला हवं, कारण कूलिजने वडिलांना सांगितलेली कसोटी इथे हजारो माणसांच्या पोटावर लागू झाली.

मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने १९११ मध्ये कायदा केला होता की स्त्रिया आणि अठरा वर्षांखालची मुलं यांच्याकडून आठवड्याला ५६ ऐवजी जास्तीत जास्त ५४ तास काम घ्यावं. १ जानेवारी १९१२ पासून तो लागू झाला. हेतू उत्तम. पण कायदा तासांबद्दल बोलला आणि मजुरीबद्दल गप्प राहिला. गिरण्यांत स्त्रिया आणि मुलं इतकी होती की त्यांचे तास कमी झाल्यावर यंत्रं सगळ्यांसाठीच लवकर थांबवणं भाग होतं. मालकांनी तास कमी केले आणि त्या दोन तासांची मजुरीही कापली. ११ जानेवारीला एव्हरेट गिरणीतल्या पोलिश बायकांनी पगाराचं पाकीट उघडलं, त्यात कमी पैसे दिसले, आणि त्यांनी माग थांबवले. दुसऱ्या दिवशी इतर गिरण्यांतले कामगार बाहेर पडले. काही दिवसांतच वीस हजारांहून अधिक माणसं संपावर होती: इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सिरियन, रशियन, कितीतरी भाषा बोलणारी. कापलेली रक्कम माणशी आठवड्याला बत्तीस सेंटच्या आसपास. आज ती क्षुल्लक वाटेल, पण त्या घरांत तेवढ्यात बरेच पाव यायचे.

'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' (जगातले औद्योगिक कामगार) या कामगार संघटनेचे जोसेफ एटर आणि आर्तुरो जिओव्हानिट्टी यांनी संपाची बांधणी केली. लष्करी तुकड्या आल्या. एका चकमकीत अ‍ॅना लोपिझो ही कामगार स्त्री गोळी लागून मेली, आणि जे तिथे नव्हतेच त्या एटर-जिओव्हानिट्टींना त्या खुनात गोवून तुरुंगात टाकलं. (नोव्हेंबरमध्ये दोघे निर्दोष सुटले.) उपासमार टाळण्यासाठी संपकऱ्यांनी आपली मुलं न्यूयॉर्कला सहानुभूतीदारांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. २४ फेब्रुवारीला अशाच मुलांची एक तुकडी निघत असताना पोलिसांनी लॉरेन्सच्या स्टेशनात आयांवर आणि मुलांवर काठ्या चालवल्या. देशभर संताप उसळला, वॉशिंग्टनला काँग्रेसच्या समितीपुढे गिरणीत राबणाऱ्या मुलांच्या साक्षी झाल्या.

विधिमंडळाने समेटासाठी विशेष समिती नेमली, तिचं अध्यक्षपद नव्या सिनेटर कूलिजकडे आलं. संपाच्या पुढाऱ्यांबद्दल त्याचं खासगी मत कडवट होतं. सावत्र आईला लिहिलेल्या पत्रात तो त्यांना समाजवादी आणि अराजकवादी म्हणतो. हे भांडण मजुरीच्या आकड्याचं नाहीच, सगळी सत्ता उलथवायची ही धडपड आहे, असं त्यात लिहिलं आहे. मला हे मत चुकीचं वाटतं. भांडण मजुरीच्या आकड्यावरूनच सुरू झालं होतं आणि आकड्यावरच मिटलं. पण याच माणसाने बोस्टनमध्ये त्याच पुढाऱ्यांना आणि गिरण्यांची मालक असलेल्या अमेरिकन वुलन कंपनीला एका टेबलाशी बसवण्याचं काम केलं. मार्चच्या मध्यावर कंपनीने वाढ कबूल केली. सगळ्यात कमी पगार असलेल्यांना सर्वात जास्त टक्के वाढ मिळाली, १४ मार्चला कामगारांनी ती मान्य केली, आणि न्यू इंग्लंडमधल्या इतर गिरण्यांनाही मागोमाग पगार वाढवावे लागले.

श्रेय कोणाचं? माझ्या मते मोठं श्रेय थंडीत दोन महिने उभ्या राहिलेल्या कामगारांचं, विशेषतः बायकांचं, आणि स्टेशनातल्या त्या काठ्यांमुळे जागं झालेल्या देशाचं. कूलिजच्या समितीने टेबल पुरवलं. पण टेबल पुरवणं हेही काम आहे. समोरच्या पक्षाबद्दल मनात काय आहे ते बाजूला ठेवून तडजोडीची अट अट म्हणून वाचायची, हे त्याला जमलं, कारण नॉर्थॅम्प्टनमध्ये पंधरा वर्षं तो तेच करत आला होता. त्याच वर्षी या विधिमंडळाने स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा केला, अमेरिकेतल्या राज्यांत पहिला. तासांचा कायदा जिथे गप्प राहिला होता, तिथे आता निदान बोलायला सुरुवात झाली.

सिनेटचा अध्यक्ष

दुसऱ्या वर्षी तो रेल्वेविषयक समितीचा प्रमुख झाला. राज्याच्या पश्चिम भागातल्या खेड्यांना ट्रॉली गाड्यांनी जोडण्याचं विधेयक त्याने समितीतून बाहेर काढलं. राज्यपाल फॉस यांनी नकाराधिकार वापरला, तरी तो ओलांडून ते मंजूर करून घेतलं.

सिनेटमध्ये दोन वर्षं झाली की माणसाने दुसऱ्याला जागा द्यायची, अशी तिथली वहिवाट. पण सिनेटचे अध्यक्ष लेव्ही ग्रीनवुड नायब राज्यपालपदासाठी उभे राहणार अशी हवा होती, म्हणून त्यांच्या खुर्चीवर नजर ठेवून कूलिजने तिसऱ्यांदा अर्ज भरला. मग ग्रीनवुड यांचा विचार बदलला, ते सिनेटसाठीच उभे राहिले. कूलिजचा बेत फसल्यातच जमा होता. पण ग्रीनवुड स्त्रियांच्या मताधिकाराचे विरोधक. मताधिकाराच्या चळवळीतल्या स्त्रियांनी त्यांच्या मतदारसंघात जोरदार प्रचार केला आणि नोव्हेंबर १९१३ मध्ये ते पडले. कूलिज ताबडतोब बोस्टनला पोहोचला, पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे वजनदार नेते मरे क्रेन यांचा पाठिंबा होताच, आणि इतर कोणी हालचाल करण्याआधी त्याने पुरेशा सदस्यांचे शब्द मिळवले. अबोल माणूस संथ असतो हा समज इथे खोटा ठरतो.

७ जानेवारी १९१४ रोजी खुर्चीवर बसताना त्याने केलेलं भाषण पुढे 'मॅसॅच्युसेट्सवर श्रद्धा ठेवा' या नावाने ओळखलं गेलं. त्यातल्या काही वाक्यांचा अर्थ असा: आजचं काम आज करा. दुबळ्यांचे हक्क राखायचे असतील तर कोणीही आक्षेप घेवो, ते करा. एखाद्या बलाढ्य कंपनीला लोकांची अधिक चांगली सेवा करायला मदत करायची असेल तर कितीही विरोध होवो, तेही करा. बलवानांना खाली ओढून दुबळे वर येतील अशी आशा धरू नका. कायदे करण्याची घाई करू नका, कारभाराला कायद्यांपर्यंत पोहोचायला सवड द्या. यातलं शेवटचं वाक्य त्याने कृतीत आणलं. त्याच्या अध्यक्षतेखाली वर्षभरातल्या कायद्यांच्या ग्रंथाची जाडी कमी झाली, आणि त्याला याचा अभिमान होता. १९१५ मध्ये पुन्हा निवड झाल्यावरचं त्याचं भाषण चाळीसेक शब्दांत संपलं. त्याचा शेवट असा होता: थोडक्यात बोला, सगळ्यात आधी थोडक्यात बोला.

पण मला या भाषणांपेक्षा मैलापाण्याच्या नळाची गोष्ट जास्त सांगून जाते. फ्रँक स्टर्न्स हे बोस्टनचे मोठे कापड-व्यापारी, ॲमहर्स्ट कॉलेजचे माजी विद्यार्थी. कॉलेजच्या सांडपाण्याची जोडणी गावाच्या गटारव्यवस्थेला करून देणारं एक छोटं विधेयक हवं होतं, म्हणून ते सिनेटर कूलिजकडे गेले. अधिवेशन संपत आलं होतं. कूलिज एवढंच म्हणाला, 'उशीर झाला,' आणि मुलाखत संपली. स्टर्न्स दुखावून परतले. पुढच्या अधिवेशनात त्यांना कळलं की कोणी काही न विचारता, आठवण न करता, कूलिजने ते विधेयक मंजूर करवून घेतलं आहे. त्या दिवसापासून स्टर्न्स त्याचे कायमचे समर्थक झाले. पुढच्या निवडणुकांमध्ये त्यांचा पैसा आणि वेळ दोन्ही कूलिजच्या मागे उभे राहिले. आश्वासनं वाटत फिरणाऱ्या आमदारांच्या गर्दीत, तोंडावर नाही म्हणून फाइल मात्र लक्षात ठेवणारा माणूस किती दुर्मीळ असतो, हे ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

कागदाची मर्यादा

१९१५ चं अधिवेशन संपेपर्यंत त्याने पुढच्या पदाबद्दल अवाक्षर काढलं नाही. संपल्यावर नायब राज्यपालपदाची उमेदवारी जाहीर केली. जानेवारी १९१६ मध्ये तो त्या पदावर गेला, जानेवारी १९१९ मध्ये राज्यपाल झाला.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. मसुदा काटेकोर वाचण्याची शक्ती जिथे कमी पडते, ती जागा सप्टेंबर १९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांच्या संपात दिसली. पगार अपुरे, ठाण्यांची अवस्था घाण, गणवेशाचा खर्च स्वतःच्या खिशातून. पोलिसांनी कामगार महासंघाशी जोडलेली संघटना काढली. पोलीस आयुक्त एडविन कर्टिस यांनी तिला बंदी घातली आणि एकोणीस पुढाऱ्यांना निलंबित केलं. महापौरांनी नेमलेल्या नागरिकांच्या समितीने तडजोड सुचवली. कर्टिस यांनी ती फेटाळली. सगळ्यांचे डोळे राज्यपालांकडे लागले. राज्यपालांचं म्हणणं असं की कायद्याने पोलिसांचा अधिकार आयुक्तांना दिला आहे, त्यात हात घालायचं मला कारण नाही.

कायद्याचं हे वाचन चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण सात वर्षांपूर्वी लॉरेन्सच्या वेळी, ज्यांना तो अराजकवादी समजत होता त्यांच्यासाठीही त्याने टेबल मांडलं होतं. या वेळी समोर त्याच्याच राज्याच्या राजधानीतले पगारी नोकर होते, त्यांतले बरेच ल्युसीच्याच समाजातले, आणि टेबल मांडलं गेलं नाही. ९ सप्टेंबरला अकराशेहून अधिक पोलिसांनी काम सोडलं. शहरात लुटालूट झाली, माणसं मेली. मग कूलिजने सगळं राज्य सैन्य उतरवलं आणि कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांना ती प्रसिद्ध तार केली: सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही. त्या एका वाक्याने तो देशभर पोहोचला आणि पुढच्या वर्षी उपाध्यक्षपदाचा उमेदवार झाला.

आमदार कूलिजने असा प्रसंग समितीत हाताळला असता तर त्याने आधी दोन्ही बाजूंचे अर्ज मागवले असते, असं मला त्याच्या सहा वर्षांच्या कामावरून वाटतं. राज्यपाल कूलिजने फक्त अधिकाराचं कलम वाचलं. संपकरी पोलिसांपैकी कोणालाही परत घेतलं गेलं नाही. त्यांच्या जागी नवी भरती झाली आणि नव्या माणसांना वाढीव पगार मिळाला, जास्त सुट्ट्या मिळाल्या, गणवेशही सरकारी खर्चाने मिळाला.